घरी बसवलेलं रिमोट स्टार्ट आणि न ऐकणारी गाडी: वाचकांचे प्रश्न

गाडीला रिमोट स्टार्ट आणि कीलेस एंट्रीचं किट घरीच बसवायला घेतलेल्यांची या वेळी इतकी पत्रं आली की बाकीचे विषय बाजूला ठेवून अख्खा कॉलम त्यांनाच दिलाय. जवळपास प्रत्येकाचं म्हणणं एकच, "मॉड्यूलच खराब निघालं वाटतं", आणि मीटरचं एक रीडिंग कुणी लिहिलेलं नाही. फक्त एका ताईंनी लिहिलंय, त्यांचं पत्र शेवटी घेतो. मॉड्यूल खराब निघतच नाही असं नाही, पण माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्यांत ते फार क्वचित निघालं, एरवी कुठेतरी सैल अर्थ (म्हणजे बॉडीला जोडलेली मायनसची वायर), चुकीची वायर, नाहीतर टेपखाली लपवलेला पिळा. तेव्हा हे वाचताना डिजिटल मल्टिमीटर शेजारी घेऊन बसा. बल्बवाला टेस्ट लॅम्प नको, तो पेटायला बराच करंट ओढतो आणि चुकून ईसीयूच्या, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरच्या, किंवा एअरबॅगच्या वायरीला लागला तर रडायची पाळी येईल.

प्रश्न: दादा, रिमोटचं बटण दाबलं की गाडी मस्त चालू होते, एक-दोन सेकंद चालते आणि बंद पडते. मॉड्यूल परत स्टार्टर मारतं, परत तेच. तीनदा करून गप्प. किल्लीने मात्र पहिल्या झटक्यात चालू होते. पेट्रोल आहे, बॅटरी नवीन आहे. मॉड्यूल बदलून मागू का?

नका मागू, नवीन आलं तरी हेच होणार. हे इमोबिलायझरचं काम आहे आणि तो आपलं काम चोख करतोय. तुमच्या किल्लीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक चिप असते, तिला सेल लागत नाही, इग्निशन लॉकच्या तोंडाभोवती जी कॉइलची रिंग बसवलेली असते ती १२५ किलोहर्ट्झच्या आसपासचं चुंबकीय क्षेत्र सोडते आणि त्याच्याच जोरावर ती चिप जागी होऊन आपला कोड सांगते. कोड जुळला नाही की ईसीयू इंधन तोडतो. रिमोटने चालू करताना लॉकमध्ये किल्लीच नाही, मग कोड सांगणार कोण? काही गाड्या स्टार्टरच फिरू देत नाहीत, काही दोन सेकंद चालू देतात आणि मग गळा दाबतात, तुमची दुसऱ्या जातीची.

पण माझ्या शब्दावर जाऊ नका, बघून घ्या. पुढच्या वेळी बंद पडेल तेव्हा डॅशबोर्डकडे नजर ठेवा. इंजिन थांबलं तरी मीटरमधले दिवे चालूच राहिले आणि किल्लीचं किंवा कुलुपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर. इंजिनबरोबर सगळे दिवेपण एकदम काळे झाले तर इग्निशन मॉड्यूलनेच काढून घेतलं, म्हणजे त्याला इंजिन चालू झाल्याचं कळलंच नाही, आणि मग तुम्ही खाली स्टार्टरच्या घरघरीवालं उत्तर वाचा. दुसरी परीक्षा अजून सोपी. स्पेअर किल्ली लॉकच्या तोंडाला चिकटवून धरा, आत घालू नका, आणि रिमोट दाबा. आता गाडी चालू राहिली की विषय संपला.

मग बायपास मॉड्यूल, म्हणजे लॉकमध्ये किल्ली नसताना तिचा कोड पुरवणारी डबी, लावायचं, किंवा लावलेलं असेल तर ते का झोपलंय ते बघायचं. त्याला जागं करणारी वायर मुख्य मॉड्यूलच्या अशा आउटपुटला जाते जे रिमोट स्टार्ट चालू असतानाच मायनस देतं. मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसला, काळी त्या वायरीला, रिमोट दाबा. बारा व्होल्ट दिसायला हवेत, आणि इग्निशन चालू व्हायच्या आधी दिसायला हवेत, नंतर नाही, कारण ईसीयू किल्लीची चौकशी इग्निशन मिळाल्या मिळाल्या करतो. ज्या बायपासमध्ये खरी किल्ली डबीत ठेवून भोवती कॉइल गुंडाळतात त्यात अजून एक गंमत आहे, किल्ली नेमकी कशी पडलीय यावर बरंच अवलंबून असतं. एका गाडीवर मी अख्खी संध्याकाळ वायरी तपासत बसलो होतो आणि शेवटी डबीतली किल्ली बोटभर सरकवून जराशी तिरकी केली तर झालं चालू! तेव्हा डबी बंद करायच्या आधी किल्ली हलवून, फिरवून बघा, सापडली जागा की गरम गोंदाने पक्की करा.

आणि एक लक्षात असू द्या, डबीत किल्ली म्हणजे गाडीत कायमची एक किल्ली. निदान तिचं पातं कापून टाका आणि डबी हाताला सहज लागेल अशी ठेवू नका. तुमच्या मॉडेलसाठी डेटा वायरीवरून कोड देणारा बायपास मिळत असेल तर तोच घ्या, त्यात किल्ली अडकवून ठेवावी लागत नाही.

प्रश्न: रिमोट दाबल्यावर स्टार्टर हलतसुद्धा नाही. पार्किंग लाइट काही वेळा लुकलुकतात आणि संपलं. दरवाजे मात्र लॉक-अनलॉक होतात. काय करू?

लुकलुकणं मोजलंत का? नाही ना. तो मॉड्यूलचा निरोप असतो हो, "मी का चालू करत नाहीये" हे तो दिव्यांनी सांगतो आणि कितीदा म्हणजे काय याचं कोष्टक किटच्या पुस्तकात शेवटच्या पानांत कुठेतरी असतं. प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं म्हणून इथे देत नाही.

पण गुन्हेगार ठरलेले असतात: ब्रेक, बोनेट, हँडब्रेक किंवा न्यूट्रल, आणि चौथा म्हणजे चुकून लागलेला व्हॅले मोड, ज्यात लॉक चालतं पण स्टार्ट चालत नाही, नेमकं तुमच्यासारखं. तेव्हा आधी व्हॅले मोड काढून बघा, फुकटचं आहे.

मग ब्रेक. मॉड्यूलकडे गेलेल्या ब्रेकच्या वायरीवर पाय न ठेवता शून्य आणि पाय ठेवल्यावर बारा व्होल्ट यायला पाहिजेत. ब्रेकच्या स्विचवर दोन बाजू असतात, एकीकडे बॅटरीचे बारा कायम असतात आणि दुसरीकडे पेडल दाबल्यावरच येतात. बहुतेक लोक पेडलखाली उलटे लटकून काम करत असतात, त्यात ज्या वायरीवर बारा दिसले तिलाच टॅप मारून मोकळे होतात, पेडल सोडून बघतच नाहीत. मग मॉड्यूलला वाटतं कुणीतरी कायम ब्रेकवर पाय ठेवून बसलंय आणि तो चालू करत नाही. त्याचं बरोबरच आहे.

बोनेटची पिन उलटी चालते, बोनेट उघडं असलं की वायर बॉडीला लागते. पिन जरा खाली बसली असेल तर बोनेट बंद करूनही ती पूर्ण दाबली जात नाही. लहान मुलं खेळतात ती रंगीत प्लॅस्टिकची माती असते ना, तिचा छोटा गोळा पिनच्या डोक्यावर ठेवा, बोनेट बंद करा, उघडा, गोळा किती चेपला ते बघा. नुसतं टोपण टेकल्यासारखं दिसलं तर पिन वर घ्यायला हवी. शोधण्यापुरती वायर सुटी करून बघितली तर चालेल, पण "चाललं की मग राहू दे तशीच" असं करू नका. कुणीतरी बेल्टजवळ हात घालून उभा असेल आणि घरातून कुणाकडून तरी रिमोट दाबला जाईल, पुढचं मी लिहीत नाही. ब्रेकचंही तेच, रिमोटवर चालू असलेली गाडी कुणी किल्लीशिवाय पळवायला गेला तर ब्रेकवर पाय पडताच ती बंद व्हायला हवी, ती याच वायरीमुळे होते.

प्रश्न: इंजिन चालू झाल्यावरही स्टार्टर थोडा वेळ फिरत राहतो, खर्रर्र असा आवाज येतो, अंगावर काटा येतो. दर वेळी नाही, गरम इंजिनला जास्त.

ताबडतोब थांबवा, दात खराब होतील, स्टार्टरचे आणि फ्लायव्हीलचेपण. तुम्ही किल्लीने चालू करता तेव्हा कान ऐकतात आणि हात सोडतो. मॉड्यूलला कान नाहीत, त्याला टॅकची, म्हणजे इंजिनचे फेरे सांगणारी, वायर लागते, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही म्हणजे जोडलेली नसणार. ती नसली की मॉड्यूल एकतर ठरलेला वेळ स्टार्टर मारतं किंवा बॅटरीच्या व्होल्टेजवरून अंदाज बांधतं. गरम इंजिन पटकन पेटतं, मॉड्यूल आपला वेळ पूर्ण करत बसतं, म्हणून गरमला जास्त आवाज.

टॅकची वायर शोधायला मीटर एसी व्होल्टवर लावा, हो एसीवर, डीसीवर नाही. काळी पिन बॉडीला, लाल पिन वायरीला, इंजिन आयडलवर, आणि शेजारी कुणाला तरी हळूहळू अॅक्सिलरेटर द्यायला सांगा. आयडलला काही व्होल्ट दिसले आणि रेस वाढेल तसा आकडा वाढत गेला तर वायर सापडली. इग्निशन कॉइलची ट्रिगर वायर किंवा इंजेक्टरची वायर दोन्ही चालतात, फक्त इंजेक्टरच्या दोनपैकी ज्या वायरीवर कायम बारा असतात ती सोडून दुसरी.

जोडल्यावर टॅक लर्न करायला विसरू नका, हे विसरणारे फार. चार सिलिंडरच्या चार स्ट्रोक इंजिनात चारही सिलिंडरसाठी एकच कॉइल असेल तर तिच्या वायरीवर एका फेऱ्यात दोन पल्स येतात, म्हणजे ८०० आरपीएमला सेकंदाला जवळपास २७. एका इंजेक्टरच्या वायरीवर दोन फेऱ्यांत एक, म्हणजे तेवढ्याच आरपीएमला सातसुद्धा नाहीत. तुम्ही कुठे टॅप मारलाय हे मॉड्यूलला स्वप्नात दिसणार आहे का? आयडलवर ठेवून पुस्तकात दिलंय तसं बटण धरून त्याला शिकवावं लागतं.

प्रश्न: काका, सेंट्रल लॉकिंगला किटच्या दोन वायरी जोडल्या. रिले एकच होता म्हणून तो अनलॉकला लावला आणि लॉकची वायर थेट जोडली. आता लॉक दाबलं की काहीच होत नाही आणि अनलॉक दाबलं की फ्यूज उडतो. तीन गेले. मोठा फ्यूज टाकू का?

मोठा फ्यूज टाकायचा विचारसुद्धा नको! फ्यूज वायरीला वाचवायला असतो, किटला नाही. पंधराच्या जागी तीस टाकलात तर पुढच्या वेळी फ्यूज शाबूत राहील आणि डॅशबोर्डच्या मागून धूर येईल.

तुमच्या पत्रातच उत्तर आहे म्हणून मला हे पत्र फार आवडलं. लॉकच्या स्विचच्या वायरी तीन तऱ्हेच्या असतात. एका प्रकारात स्विच दाबला की वायर मायनसला जाते, दुसऱ्यात दाबला की प्लस मिळतो, आणि तिसऱ्यात, जो तुमचा आहे, दोन्ही वायरी थेट मोटरला जातात आणि काही दाबलेलं नसताना दोन्ही स्विचमधून बॉडीला टेकून बसलेल्या असतात. लॉक म्हणजे एकीला प्लस, अनलॉक म्हणजे दुसरीला, उरलेली मायनसलाच. आता बघा काय झालंय. लॉकच्या वायरीवर किट मायनसचा पल्स टाकतंय, पण ती वायर आधीच मायनसला बसलीय, मायनसवर मायनस, काय होणार, काहीच नाही. अनलॉकला रिले आहे, तो वायरीवर बारा व्होल्ट टाकतो, पण तुम्ही वायर न कापता नुसता टॅप मारलाय, म्हणजे ते बारा व्होल्ट मोटरकडे जायच्या ऐवजी स्विचमधून सरळ बॉडीत. शॉर्टच तो. फ्यूज उडाला नसता तर नवल.

खात्री करायला किटच्या दोन्ही वायरी सुट्या करा, बॅटरीची मायनस काढा, मीटर ओहमवर, एक पिन बॉडीला आणि दुसरी आळीपाळीने लॉकच्या आणि अनलॉकच्या वायरीला. दोन्हीकडे शून्याजवळ आलं की तिसरा प्रकार नक्की.

आता दोन रिले लागतील, पाच पायांचे, प्रत्येक पायाजवळ त्याचा आकडा लिहिलेला असतो. दोन्ही वायरी कापायच्या. कापल्यावर प्रत्येकीची दोन टोकं होतात, त्यातलं स्विचकडचं कोणतं ते स्विचच्या जोडणीवरून माग काढत ओळखा. मोटरकडचं टोक रिलेच्या ३० ला, स्विचकडचं ८७ए ला, फ्यूजमधून आलेले बारा व्होल्ट ८७ ला. ८६ ला बारा व्होल्ट, ८५ ला किटचा मायनस पल्स. रिले झोपलेला असताना ३० आणि ८७ए जोडलेले असतात म्हणून दारावरचा जुना स्विच पहिल्यासारखाच चालत राहतो, आणि पल्स आला की स्विचची वाट आपोआप तुटते, मग शॉर्ट व्हायला जागाच नाही. ८५ आणि ८६ च्या मध्ये एक साधा डायोड टाका, वन एन ४००७ चालेल, पट्टीची बाजू ८६ कडे. रिले सुटताना कॉइल उलटा झटका मारते, किटच्या नाजूक आउटपुटला तो सोसवत नाही.

प्रश्न: काका, मी पहिल्यांदाच एवढं काम एकटीने केलंय. सगळं चालतं पण रेंज अगदीच नाही, दाराला जवळजवळ टेकून बटण दाबावं लागतं. अँटेनाची वायर लोंबकळत होती म्हणून छान गुंडाळून टेपने हार्नेसला बांधली, तिचा काही संबंध?

अगं, सगळा संबंध तिचाच! शाब्बास, बाकीचं सगळं चाललंय हेच खूप आहे. तो शेपटासारखा तुकडा लोंबकळायलाच असतो. तुझा रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालत असेल तर त्या लहरीची लांबी जवळपास ६९ सेंटीमीटर आणि तिचा चौथा हिस्सा साधारण १७ सेंटीमीटर, म्हणून तो तुकडा साधारण तेवढाच असतो, बघ पट्टी लावून. गुंडाळलास की तो अँटेना राहत नाही, आणि हार्नेसला बांधलास म्हणजे तांब्याच्या जुडग्याच्या मागे लपवलास. सोड तो, सरळ कर, शक्य तितका वर आणि लोखंडापासून लांब ने, आणि चुकूनही कापू नकोस.

तेवढ्याने पुरलं नाही तर चार्जिंग सॉकेटमधलं सगळं काढ, मोबाईलचा चार्जर, डॅशकॅमचा चार्जर, सगळं, आणि मग रेंज बघ. स्वस्त चार्जर रेडिओ लहरींचा एवढा गोंगाट करतात की बिचाऱ्या रिसीव्हरला रिमोटचं कुजबुजणं ऐकूच जात नाही. मला एकदा हे कळायला दोन दिवस लागले, रेंज कधी उत्तम कधी शून्य, आणि शेवटी लक्षात आलं की मोबाईल चार्जिंगला लावला की शून्य. काचेवर धातूची फिल्म असेल तर तीही लहरी अडवते. रिमोटचा सेल मोजायचा तर बटण दाबून धरलेलं असताना मोज, नुसता ठेवून तीन व्होल्ट दाखवणारा सेल बटण दाबल्यावर बसतो.

खिशात किल्ली ठेवून नुसतं हँडल ओढून दार उघडतं ती गोष्ट मात्र वेगळी, तिथे गाडी आधी कमी फ्रिक्वेन्सीवर किल्लीला हाक मारते आणि ती हाक मीटर-दीड मीटरच ऐकू जाते. तिची रेंज मुद्दाम कमी असते, वाढवायला जाऊ नकोस.

प्रश्न: माझी गाडी कधी रिमोटने चालू होते, कधी नाही. नियमच सापडत नाही. खड्ड्यातून गेल्यावर बरेचदा बिघडते.

खड्ड्याने बिघडतं ते जोडणीत असतं. दोन कामं करा. एक, अर्थ तपासा. मीटर डीसीवर सगळ्यात लहान रेंजला, काळी पिन थेट बॅटरीच्या मायनसवर, लाल पिन मॉड्यूलच्या अर्थच्या वायरीवर, आणि रिमोटने स्टार्टर मारा. आकडा ०.२ च्या वर गेला तर अर्थ वाईट. तुम्ही तो बहुतेक रंगावरच स्क्रूने दाबलाय, रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, वायरीला रिंगवाली थिंबल क्रिंप करा, नट-बोल्टने आवळा आणि वरून थोडं ग्रीस. दोन, तुम्ही केलेला प्रत्येक सांधा बोटाने ओढून बघा, जरा जोरातच. त्या क्लिप दाबून बसवायच्या टॅप असतात ना, ज्यांना वायर सोलावी लागत नाही, त्या आतल्या तारा अर्धवट कापतात आणि काही महिन्यांत सैल होतात, करंटच्या वायरीवर तर मी त्यांना हातही लावत नाही. सोल्डर करा नाहीतर नीट क्रिंप करा.

प्रश्न: गिअरची गाडी आहे, ऑटोमॅटिक नाही. क्लचचा स्विच शॉर्ट केला की रिमोट स्टार्ट चालतं असं ऐकलं. करू का?

नको. गिअरमध्ये ठेवलेली गाडी स्टार्टरवरही पुढे उडी मारते, आणि इंजिन पेटलं तर नुसती उडी राहत नाही. गिअरच्या गाडीसाठी बनवलेली किट मिळतात, त्यात उतरायच्या आधी न्यूट्रल करायचं, हँडब्रेक ओढायचा, किल्ली काढायची, इंजिन चालूच राहतं, मग उतरून दार लावायचं आणि त्यानंतर मॉड्यूल इंजिन बंद करतं. मध्ये एकही दार उघडलं की रिमोट स्टार्ट रद्द, कारण आत जाऊन कुणी गिअर टाकला असेल. चारही दारांच्या पिना आणि हँडब्रेक नीट जोडल्याशिवाय हे सगळं फुकट आहे. आणि गाडी कुठलीही असो, बंद गॅरेजमध्ये रिमोटने चालू करायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो.

आता किरकोळ पत्रं एकत्रच घेतो. एअरबॅगचा दिवा लागला म्हणता, तर तुम्ही पिवळं कनेक्टर सुटं असताना इग्निशन दिलंत, पिवळ्या वायरींना हात लावायच्या आधी बॅटरी काढून काही मिनिटं थांबायचं असतं, आता स्कॅनरने कोड पुसून घ्या आणि तरी राहिला तर जाणकाराकडे न्या, तिथे स्वतः खुडबुड नको. रिमोटने चालू केल्यावर गाडीचा मूळ अलार्म बोंबलतो, कारण त्याला डिसआर्म करणारी वायर तुम्ही जोडलेली नाही. डिझेलवाल्यांनी ग्लो प्लगची वाट बघायची सेटिंग चालू करा, थंडीत चालू न होण्याचं कारण तेच. आणि कॅनच्या, म्हणजे ज्यांवरून गाडीतले ईसीयू एकमेकांशी बोलतात त्या, दोन पिळलेल्या वायरींना टॅप मारून काहीच डेटा येत नसेल तर बॅटरी काढून त्या दोघींमध्ये ओहम मोजा, ६० यायला हवेत, कारण दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर असतात. १२० आले तर कुठेतरी एक टोक तुटलंय, ६० आले तर हाय आणि लो उलटे जोडलेत का ते बघा.

प्रश्न: दादा, किटबरोबर आलेला स्टार्टर कट करणारा रिलेपण मीच बसवला. सगळं चालतं, पण गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की स्टार्टर नुसता कट-कट करतो. बॅटरी ४५ अँपिअर-अवरची. अर्धा तास थांबून मायनसमध्ये मीटर लावला: रिमोटने लॉक केली तर ०.१८ अँपिअर, लॉक न करता ०.०३. लॉक असताना मॉड्यूलचा फ्यूज काढला की ०.०२. मॉड्यूल बदलू का?

ताई, तुम्ही माझं काम जवळपास संपवूनच पत्र पाठवलंय. अर्धा तास थांबलात हे फार बरं केलंत, गाडीतले सगळे ईसीयू झोपायला वेळ घेतात, त्याआधी मोजलं की आकडा उगाच मोठा दिसतो आणि माणूस घाबरतो. उभ्या गाडीला ०.०५ पर्यंत चालतं, म्हणजे लॉक न केलेलं तुमचं ०.०३ उत्तम आहे.

आता ०.१८ मधून ०.०३ वजा करा, ०.१५ राहिले. गाडीच्या साध्या रिलेची कॉइल ओढते साधारण तेवढेच. म्हणजे एक रिले लॉक केल्यापासून रात्रभर ओढून बसलाय, आणि लॉक केल्यावर मायनस मिळणारा रिले तुमच्याकडे एकच आहे, तो स्टार्टर कटचा. लॉक करून अर्ध्या तासाने त्याला बोट लावा, कोमट लागेल. ०.१८ ने ४५ ची बॅटरी अडीचशे तासांत रिकामी होते, पण स्टार्टर फिरवायचा जोर तिच्यात अर्ध्यावरच संपतो, म्हणजे पाच दिवस, बरोबर तुमचे चार-पाच.

तुम्ही त्याच्या ८६ ला कायम बारा व्होल्टची वायर दिलीय, तिथे इग्निशनची द्यायची असते, जी किल्ली ऑनवर असताना आणि स्टार्टर मारतानाही बारा देत राहते. मग उभ्या गाडीत रिले काहीच ओढणार नाही, आणि चोराने इग्निशन दिलं की तेव्हाच ओढून स्टार्टरची वाट तोडेल. स्टार्टरची वायर ३० आणि ८७ए मधूनच जातेय ना ते एकदा बघा, म्हणजे रिले मेला तरी तुमची गाडी चालू होईल. मीटर मायनसमध्ये लावलेला असताना चुकूनही स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल, आणि मोजून झाल्यावर लाल पिन अँपिअरच्या भोकातून व्होल्टच्या भोकात परत घाला, ती तिथेच विसरून बॅटरीवर व्होल्ट मोजायला गेलेले मी पाहिलेत, म्हणजे आरशात.

वायर बदलून, लॉक करून, अर्ध्या तासाने परत मोजा. ०.०३ आलं तर कळवा, नाही आलं तरी रीडिंग लिहून कळवा.